ताईच्या गाडीचा एक्सल

धाकटीने पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, तरी गल्लीत तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. शिवणाच्या दुकानावर पाटी होती, पाटीवर धडधडीत नाव होतं, पण गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं ते "धाकटी आहे का?" असंच. कारण थोरली होती ताई, आणि जिथे ताई असेल तिथे बाकी सगळ्यांनी धाकटंच व्हायचं असा अलिखित नियम होता.

ताई नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला जायची, आणि जायची ती वडिलांच्या जुन्या मोटरसायकलवरून. सुरुवातीला लोक हसले. मग ज्यांच्या घरी बाई अडली ते रस्त्याच्या कडेला उभे राहून त्याच गाडीच्या आवाजाकडे कान लावू लागले, आणि हसणं आपोआप बंद पडलं. ताईने लग्न केलं नाही. धाकटीचा नवरा लवकर गेला, तेव्हा ताई म्हणाली, "मशीन उचल आणि घरी ये." धाकटी आली ती कायमचीच.

आयुष्यभर घाटात कधी न पडलेली ताई एका सकाळी पडदे काढताना स्टुलावरून पडली. खुबा मोडला. डॉक्टरांनी आत स्टीलचा नवा सांधा बसवला आणि सांगितलं, चालायला लागा. ताई चाललीही, पण पलंगापासून खिडकीपर्यंत. खिडकीखाली अंगण, अंगणात ताडपत्रीखाली गाडी. वर्ष असंच गेलं. रिक्षा आणू का म्हटलं की ताई म्हणायची, "मला सामानासारखं हलवू नका." भाड्याची मोटार आणली तर म्हणायची, "त्या सीटवर वाकून बसवत नाही." आणि मधूनच, कोणी विचारलेलं नसताना, "ती गाडी विकून टाक एकदाची."

धाकटी हो म्हणाली. मग जुन्या गाड्यांचा एक शौकीन चौकशीला आला, तेव्हा तिने त्याला दारातूनच परतवून लावलं.

त्यानंतर तिने जे केलं ते गल्लीला बोलायला पुढे बरेच दिवस पुरलं. तिने साइडकार आणली. एका बंद पडलेल्या दुग्धालयाच्या मागे गंजत पडली होती ती. पूर्वी तिच्यात दुधाचे कॅन जायचे. शेजारच्या लेथवाल्याने तिची चौकट सरळ करून मोटरसायकलला जोडून दिली. धाकटीने तिला जाड गादी शिवली, सीट उंच करून घेतली म्हणजे खुबा फार वाकायला नको, आणि पाय सरळ पसरता येतील एवढी जागा समोर ठेवली. आता प्रश्न होता चालवणार कोण. धाकटीला सायकलसुद्धा बेताचीच यायची.

"मी," ती म्हणाली.

ती अंगणापलीकडच्या मोकळ्या जागेत शिकली, आणि शिकवणारी होती खिडकीत. ताई आधी न बघितल्यासारखं करायची. पण गाडी तिसऱ्यांदा धक्का खाऊन बंद पडली की तिला राहवायचं नाही.

"क्लच हळू सोड! शिवणाचं पायडल नाही ते, दाबलं की पळालं!"

"मग बाहेर येऊन दाखव."

"मी कशाला येते बाहेर," असं म्हणून ताई खिडकी लावून घ्यायची, आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायची.

अशात वरच्या गावाहून निरोप आला. त्या गावात एक म्हातारी दाई होती. ताई नवीन नोकरीला लागली तेव्हापासून दोघींनी बरोबर काम केलेलं. कितीतरी बाळंतपणांत एकीने डोकं धरलं आणि दुसरीने पाय. दाईने सांगून पाठवलं होतं, "डोळे गेलेत. कान आहेत तोवर येऊन बोलून जा."

ताईने निरोप ऐकला आणि म्हणाली, "सांग, मला जमत नाही."

"गल्लीच्या टोकापर्यंत तर बस," धाकटी म्हणाली. "तिथून परत. नाही जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

विषय काढणार नाही या आमिषाला ताई भुलली. वॉकर टेकत अंगणात आली, उंच सीटवर बसली, पाय पसरले. गाडी निघाली. गल्लीचं टोक आलं, आणि ताई काही बोलली नाही, म्हणून धाकटी पुढे गेली. पीठगिरणीच्या वळणावर पुढच्या चाकातून कडकड असा आवाज आला, हँडल हातात लटपटलं आणि चाक तिरकं होऊन जागीच अडकलं. वेग काहीच नव्हता म्हणून निभावलं. गिरणीतली माणसं धावली. पुढचं चाक उचलून धरून त्यांनी गाडी घरापर्यंत ढकलत आणली. ताई साइडकारमध्ये दोन्ही हातांनी कड धरून बसली होती आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

घरात शिरताना ती एवढंच म्हणाली, "फिटली हौस?"

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली नाही.

धाकटीने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि अंगणात बसून पुढचं चाक काढलं. चाकाच्या मधला दांडा, एक्सल, निघता निघेना. निघाला तेव्हा फरशीवर ठेवून तिने तो लोळवला. चांगली सरळ सुई लोळते तसा तो लोळत नव्हता, उड्या मारत होता. वाकला होता. चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, म्हणजे हबच्या, आतले छर्रे ग्रीसमध्ये काळे होऊन बसले होते. दोन फुटलेले, उरलेल्यांवर खड्डे, आणि ते ज्या कपात फिरायचे त्या कपावर उंदराने कुरतडल्यासारखे ओरखडे. हे सगळं तिने एप्रनमध्ये गुंडाळलं आणि लेथवाल्याकडे नेलं.

या लेथवाल्याला सगळे सूतभर म्हणायचे, कारण त्याच्या तोंडी दुसरं मापच नव्हतं. सूतभर जास्त झालं, सूतभर कमी पडलं. धाकटी म्हणायची, माझा जन्म सुतावर गेला आणि यांचा सूतभरावर. माणूस तिरसट, पण हात सोन्याचा.

त्याने एक फुटका छर्रा बोटात धरून उजेडात फिरवला.

"हे व्हायचंच होतं," तो म्हणाला.

"मग जोडताना का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत चौकट सरळ करून द्याल का. चाकाचं विचारलं नाहीत." मग त्यालाच थोडं ओशाळं वाटलं असावं. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. हे बघा, नुसती मोटरसायकल वळताना झुकते. त्यामुळे भार चाकाच्या सरळ रेषेत राहतो. साइडकार लावली की गाडीला झुकता येत नाही, मग ती चाकाला आडवी ओढते. हे छर्रे सरळ भाराचे. आडव्या ओढीला ते टिकत नाहीत. आणि एक्सल तर बघा, करंगळीएवढा."

"नवे छर्रे घातले तर?"

"गिरणीच्या वळणापर्यंत जाल. फार तर पुढच्या वळणापर्यंत."

"मला घाट चढायचाय. आणि उतरायचाय. ताईला घेऊन."

सूतभरने तिच्याकडे बघितलं. धाकटीने काही ठरवलं की तिच्या कपाळावर एक आठी यायची, ती आली होती.

"मग टेपर बेअरिंग लावावी लागतील," तो म्हणाला. "त्यांत छर्रे नसतात, तिरके रोलर असतात, ते आडवा जोर पेलतात. एक्सल जाड करावा लागेल, ट्रकच्या शाफ्टच्या पोलादाचा. पण टेपर मोठे आहेत. हब आतून कापून मोठा करावा लागेल. आणि हा हब आता कुठे मिळत नाही. कापताना सूतभर चुकलं, तर गाडी कायमची ताडपत्रीखाली."

"कापा," धाकटी म्हणाली.

"ताईंना विचारून या."

ताईला विचारायचं म्हणजे वादाला तोंड फोडायचं, हे धाकटीला माहीत होतं. तिने चहा केला, ताईच्या हातात कप दिला आणि सरळ सांगून टाकलं.

"हबला हात लावायचा नाही," ताई म्हणाली. "बाबांनी त्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदलला नाही. मीही बदलला नाही. आहे तशी असू दे."

"आहे तशी ती जागची हलत नाही."

"नको हलू दे."

"ताई, तुझ्या खुब्यात स्टीलचा सांधा घातला तेव्हा तू डॉक्टरला म्हणालीस का, हा माझा मूळचा नाही, परत घ्या?"

ताईने कप खाली ठेवला. धाकटी तिला आयुष्यात असं उलट बोलली नव्हती. आपण काय बोललो ते धाकटीच्या लक्षात आलं, पण ती उठली नाही.

मग ताई म्हणाली, "त्या वळणावर मला वाटलं, आता दुसरा खुबा जाणार."

"मला माहीत आहे."

"तुला नाही माहीत. घाटात रात्रीअपरात्री कधी मला भीती वाटली नाही. पण आता स्टूल बघितलं तरी वाटते." तिने खिडकीकडे बघितलं. "मला भीती वाटते हे तुला कळू नये म्हणून मी विक विक म्हणते."

धाकटीने विचारलं, "कापू?"

"तू कापणार आहेसच. विचारतेस कशाला."

हे ताईच्या भाषेत हो होतं.

सूतभरने हब लेथवर बांधला आणि मध्यभागी आणायलाच अर्धी सकाळ घालवली. पाती पुढे सरकायची, कुरळ्या शेवया सुटायच्या, तो थांबायचा, मोजायचा, पुन्हा सुताचाही अंश घ्यायचा. धाकटी शेजारी उभी होती. कापड कापताना तिला बडबडणारं माणूस खपत नसे, म्हणून तीही गप्प होती. भोक बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यापेक्षा जरा लहानच ठेवायचं होतं, म्हणजे कडं आत घट्ट बसतं. दोन्ही बाजू झाल्या तेव्हा सूतभरने कपाळ पुसलं आणि म्हणाला, "आता तुमच्या भट्टीत."

भट्टी म्हणजे धाकटीचा स्वयंपाकघरातला ओव्हन. आरे आणि धाव काढलेला नुसता हब त्यात तापायला गेला, आणि बेअरिंगची कडी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गारठत बसली. लोखंड तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं, एवढंच त्यातलं गणित. घरभर तापलेल्या तेलाचा वास सुटला. ताई खोलीतून ओरडली, "काय जाळतेयस?"

"तुझा हब भाजतेय."

वॉकरचा आवाज आला. ताई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. वर्षभरात खिडकी सोडून दुसरी कुठली जागा तिने स्वतःहून गाठली नव्हती, पण धाकटीने ते बोलून दाखवलं नाही. तिने हातमोजे घालून हब बाहेर काढला, फ्रीजमधलं कडं उचललं आणि भोकात सोडलं. हातोडी लागली नाही. टक् असा आवाज करून कडं बुडाला टेकलं.

"दुसरं बघून टाक, तिरकं बसेल," ताई म्हणाली.

"तूच बस ना समोर. सरळ आहे का सांग."

ताईने स्टुलाकडे बघितलं, क्षणभर थांबली, आणि बसली.

एक्सल सूतभरने वळून दिला. जुन्याच्या शेजारी ठेवला तर थोरला भाऊच वाटत होता. तो मावावा म्हणून चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याची टोकं रुंद करावी लागली, आणि आत दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी बसवली. धाकटीने आरे पुन्हा ओवले. हे काम तिला कोणाला शिकवावं लागलं नाही, काजाची वीण घालायची सवय होती. चाक सरळ फिरेपर्यंत एक आरा घट्ट, एक सैल, असं तिने धीराने केलं. मग ग्रीस भरलं, नट आवळला. चांगला आवळला. एकदा फजिती झाली होती, आता काही सैल राहायला नको.

ताईला न घेता, साइडकारमध्ये वाळूची पोती टाकून ती गिरणीच्या वळणावरून जाऊन आली. चाक डगमगलं नाही. हँडल हातात दगडासारखं शांत. ती हसत अंगणात आली. ताई पायरीशी वॉकर धरून उभी होती. तिने वाकता येईल तेवढं वाकून हबवर तळहात ठेवला, जसा ती तापकरी पोराच्या कपाळावर ठेवायची, आणि लगेच काढला.

"ताप आहे याला."

धाकटीने हात लावला. चटका बसला.

सूतभरला बोलावलं. त्याने चाक हाताने फिरवलं, ते दोन फेऱ्यांत थांबलं. "जीव जाईपर्यंत आवळलंय तुम्ही. टेपरला श्वास घ्यायला जागा लागते. आवळायचं, मग जरा मागे यायचं. हलतंय की नाही अशी शंका यावी इतकंच."

"म्हणजे सूतभर?"

"सूतभर म्हणजे फार झालं," तो पहिल्यांदाच म्हणाला, आणि तिघंही हसली.

पण बेअरिंग उघडून बघितल्यावर हसू गेलं. एका बाजूचे रोलर निळसर पडले होते. जास्त तापले की पोलाद असं निळं होतं, आणि मग त्याच्यावर भरवसा नसतो. सूतभर म्हणाला, अजून चालतीलही. धाकटी म्हणाली, "चालतीलही नको, चालतील पाहिजे." नवी जोडी मागवली, हब पुन्हा भाजला, पुन्हा कडी बसवली. या वेळी तिने नट आवळला, मागे घेतला, चाक फिरवलं, पुन्हा जरासा आवळला, पुन्हा मागे घेतला. ताई स्टुलावर बसून चाक डावी-उजवीकडे हलवून बघत होती. "अजून जरा. अजून. थांब. हेच." शिलाईचा ताण जमला की बोटांनीच कळायचं, तसं धाकटीलाही त्याच क्षणी कळलं. नट तिथून हलू नये म्हणून त्याच्यावर चेकनट लावला. पुन्हा गिरणीच्या वळणावरून जाऊन आल्यावर हब कोमट होता, बस.

आणि एका स्वच्छ सकाळी त्या निघाल्या. पाठवणीला सूतभर दारात उभा होता. ताईने घाटाच्या पायथ्यापर्यंत साइडकारची कड सोडली नाही. पहिल्या वळणाला तिने डोळे मिटले. दुसऱ्याला उघडे ठेवले. तिसऱ्या वळणाच्या अलीकडे ती ओरडली, "गिअर खाली घे, खाली!" आणि मग वरच्या गावापर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही.

दाईने गाडीचा आवाज लांबूनच ओळखला होता. ती अंगणात खाटेवर उठून बसली होती. ताईने तिचे दोन्ही हात धरले आणि ती शेजारी खाटेवर टेकली. मग दोघी बोलायला लागल्या त्या थांबेनात. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं बाळ पायाळू होतं.

चहा घेऊन दाईची नातसून आली. दिवस भरत आलेले. ताईने कप घेतला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"चेहरा कधीपासून सुजलाय?"

"दोन-चार दिवस झाले."

"डोकं दुखतं?"

"आज फार दुखतंय. डोळ्यांपुढे ठिपके येतात मधूनमधून."

ताईने तिच्या पायावर बोट दाबून उचललं. खड्डा तसाच राहिला. ताईचा आवाज बदलला, तो जुन्या दिवसांतला झाला. "हिला आत्ता खाली इस्पितळात न्यायचं. आत्ता म्हणजे आत्ता." नातसुनेच्या नवऱ्याने फोन लावला. इस्पितळाची गाडी पलीकडच्या खोऱ्यात गेली होती, यायला दुपार उलटली असती.

"थांबायचं नाही," ताई म्हणाली. "झटके आले तर वर काही करता येणार नाही. साइडकारमध्ये बसव तिला. डाव्या कुशीवर टेकव. धाकटे, तू घेऊन जा."

"आणि तू?"

"मी इथे आहे ना. मला काय धाड भरलीय."

नवरा मागच्या सीटवर बसला, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. धाकटी उतरायला लागली. एवढा भार गाडीवर कधीच नव्हता, आणि सगळा भार उतारावर पुढच्या चाकावर येत होता. प्रत्येक वळणाला ती कान चाकाकडे लावायची. कडकड नाही, लटपट नाही. खडबडीत पट्ट्यावर पोरगी कण्हली तेव्हा तिने वेग कमी केला, पण ब्रेकवर बोट ठेवून गाडी चालतीच ठेवली. "बोलत राहा तिच्याशी," तिने मागे न बघता नवऱ्याला सांगितलं. "झोपू देऊ नका." तिचे हात दुखायला लागले, मग बधिर झाले, आणि इस्पितळाच्या दारात गाडी लावून स्ट्रेचर आत गेल्यावर हँडल सोडावं हेही तिला काही वेळ सुचलं नाही.

संध्याकाळच्या आत पोटावर छेद देऊन बाळ काढलं. मुलगी झाली, लहानशी, पण तोंड फाडून रडणारी. आईचा रक्तदाब उतरायला वेळ लागला, पण उतरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर दोघींचं काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साइडकारमध्ये वाळूची पोती घालून धाकटी एकटीच वर गेली. सकाळीच फोन पोचला होता, त्यामुळे गावाला बातमी माहीत होती. ताई दाईच्या अंगणात नव्हती. धाकटी घाबरली. मग कुणीतरी बोट दाखवलं. वरच्या आळीत एका ओसरीवर ताई बसली होती, वॉकर भिंतीला टेकवलेला, आणि समोर चार-पाच बाया. एकीची नाडी ताईच्या हातात होती.

"आलीस?" ताई मान न वळवता म्हणाली. "मी काही आज येत नाही. दोन घरं राहिलीत. परवा ये न्यायला."

"परवा? तुझं औषध कोण देणार?"

"मी नर्स आहे, धाकटे."

धाकटीला हसू आवरलं नाही. ती गाडीकडे वळली. वाळूचं एक पोतं येताना फाटून अर्धं रस्त्यात सांडलं होतं, दुसरंही गळत होतं. ताईच्या ते लक्षात आलं.

"हलकी नेऊ नकोस खाली. वळणावर साइडकार उचलेल."

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. एक आत गेली आणि न बेतलेलं कापड घेऊन आली. दुसरीने उसवलेल्या गोधड्या आणल्या, तिसरीने नवऱ्याच्या विजारी. बघता बघता साइडकार गळ्यापर्यंत भरली. मापं सांगायला सगळ्या एकदम बोलू लागल्या, आणि धाकटी कुणाची कंबर, कुणाची उंची डोक्यात ठेवत, हेल्मेटचा पट्टा बांधत, मान हलवत राहिली.